लाल, पिवळा, हिरवा, निळा : स्वभावाचे रंग ओळखा, पण माणसावर शिक्का मारू नका

एकाच आईच्या पोटची चार मुलं. एकाच दस्तरखानावर जेवलेली, एकाच मकतबात कायदा शिकलेली. तरी थोरला बोलणं पुरं ऐकायच्या आत भडकतो. दुसरी घरात आली की घर भरून जातं. तिसरी कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि धाकटा? त्याच्या पेन्सिलीसुद्धा लांबीप्रमाणे लावलेल्या असतात, एखादी कुणी हलवली तर त्याला लगेच कळतं. मग घरात चर्चा होते. "हा अब्बूंवर गेलाय, ही थेट नानीवर."

हा प्रश्न जुनाच आहे, पण गेल्या काही वर्षांत त्याला मोबाइलवर नवं उत्तर मिळू लागलं आहे. दहा-वीस प्रश्नांना टिचक्या मारा, शेवटी उत्तर येतं : तुम्ही लाल, तुम्ही हिरवे. कंपन्यांच्या कार्यशाळांत हे शिकवलं जातं आणि आम्हा शिक्षकांच्या प्रशिक्षणातही कुणी ना कुणी हे चार रंग फळ्यावर काढतंच. आता पालकसभेला आलेले पालकही विचारतात, "टीचर, आमचा मुलगा रेड आहे म्हणे. त्याला कॉमर्सला घालावं का?"

म्हणून आज या रंगांबद्दल सविस्तर बोलू या. हे रंग आहेत काय, आले कुठून, त्यांत खरं किती, आणि आपल्या घरात त्यांचा उपयोग करायचा तर कसा. कारण नीट वापरले तर घरातली भांडणं थोडी कमी होतील. चुकीचे वापरले तर मात्र एखाद्या मुलीची अख्खी वाट बंद होऊ शकते, आणि बंद कुणी केली हे कुणाला कळणारसुद्धा नाही.

चार रंग म्हणजे नेमकं काय?

आज सगळ्यात जास्त पसरलेली मांडणी स्वीडनच्या थॉमस एरिक्सन या लेखकाची आहे. त्यांचं पुस्तक २०१४ मध्ये स्वीडिश भाषेत आलं आणि पुढे 'सराउंडेड बाय इडियट्स' या नावाने जगभर खपलं. मांडणी अगदी साधी आहे. माणसाबद्दल दोन प्रश्न विचारायचे. पहिला : याचं लक्ष आधी कामाकडे जातं की माणसांकडे? दुसरा : हा लगेच पुढे सरसावतो, की आधी थांबून बघतो? दोन प्रश्न, प्रत्येकाची दोन उत्तरं, म्हणून एकूण चार खाने. या चार खान्यांना चार रंग दिले आहेत.

कामाकडे बघणारा आणि लगेच पुढे सरसावणारा तो लाल. माणसांकडे बघणारा आणि पुढे सरसावणारा तो पिवळा. माणसांकडे बघणारा पण थांबून चालणारा तो हिरवा. कामाकडे बघणारा आणि थांबून, तपासून चालणारा तो निळा.

घरातलंच उदाहरण घेऊ. वलीमा ठरला आहे आणि सगळे बैठकीत बसले आहेत.

लाल माणूस म्हणेल, "किती वेळ चर्चा करणार? हॉल बघितलाय ना, आजच ॲडव्हान्स देऊन टाका." पिवळा म्हणेल, "अरे, सगळ्या मोहल्ल्याला बोलवू! मामूंच्या मित्रांनाही सांगू, मजा येईल." हिरवी व्यक्ती बराच वेळ गप्प असेल, मग हळूच विचारेल, "फुफीजानला विचारलं का? त्यांना न विचारता तारीख ठरली तर वाईट वाटेल त्यांना." आणि निळा वही घेऊन बसलेला असेल, "माणसं किती? देगा किती लागतील? गेल्या वेळी खाना कमी का पडला होता?"

बघा, चौघंही बरोबर आहेत. लाल नसता तर हॉल दुसऱ्याने घेतला असता. पिवळा नसता तर वलीमा नुसता हिशेब झाला असता. हिरवी व्यक्ती नसती तर फुफीजान रुसल्या असत्या, आणि निळा नसता तर पंगत अर्ध्यावर आली असताना बिर्याणी संपली असती. पण बैठकीत होतं उलटंच. लाल निळ्याला म्हणतो, "तू कंजूष आहेस." निळा पिवळ्याला म्हणतो, "तुला अक्कल नाही." हिरव्या माणसाचं तर कुणी ऐकतच नाही.

या मांडणीचा खरा फायदा इथे आहे. समोरचा मला त्रास द्यायला असं वागत नाही, त्याचं लक्षच वेगळ्या गोष्टीकडे आहे, एवढं समजलं तरी निम्मं भांडण मिटतं.

दादीचा शब्द होता 'मिजाज'

हे सगळं नवीन वाटतं, पण आपल्या घरांना ते अनोळखी नाही. आपल्या दादी-नानी म्हणायच्या, "याचा मिजाज सफरावी आहे, याला जास्त गरम चीज देऊ नका." हा शब्द युनानी तिब्बमधला आहे.

ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या काळापासून, म्हणजे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकापासून, शरीरात चार द्रव असतात अशी कल्पना वाढत गेली. दुसऱ्या शतकात गॅलेन या वैद्याने ती पक्की मांडली. पुढे इब्ने सिना यांनी आपल्या 'अल-कानून फित्तिब' या ग्रंथात ती अधिक सविस्तर आणि शिस्तीत बसवली. इब्ने सिना यांचं निधन १०३७ साली झालं, पण त्यांचा ग्रंथ नंतर कित्येक शतकं युरोपातही वैद्यकाचं पाठ्यपुस्तक म्हणून वापरला गेला. त्यातले चार द्रव म्हणजे खून, बलगम, सफरा आणि सौदा. त्यावरून चार मिजाज झाले : दमवी, बलगमी, सफरावी आणि सौदावी.

आता हे आजच्या रंगांशेजारी ठेवून बघा. सफरावी म्हणजे उष्ण, झटपट आणि रागीट. हा आजचा लाल. दमवी म्हणजे हसरा, मिळून-मिसळून राहणारा. हा आजचा पिवळा. बलगमी म्हणजे शांत आणि संथ. हा हिरवा. सौदावी म्हणजे विचारात बुडालेला, बारकावे बघणारा, थोडा उदास. हा निळा.

यात एक गंमत आहे. जुन्या मांडणीत रंग द्रवांवरून येतात. खून लाल, म्हणजे हसरा माणूस लाल. सफरा म्हणजे पित्त, ते पिवळं, म्हणजे रागीट माणूस पिवळा. आज मात्र बरोबर उलटं झालं आहे. रागीट लाल झाला आणि हसरा पिवळा. म्हणजे रंग स्वभावातून उगवलेला नाही. माणसांनी सोयीसाठी लावलेलं ते नाव आहे.

आणखी एक गोष्ट जुने हकीम जाणत होते आणि मोबाइलवरची चाचणी विसरते. मिजाज कायमचा नसतो. बचपन, जवानी आणि बुढापा यांचा मिजाज वेगळा असतो, असं इब्ने सिना यांनी मांडलं आहे. मौसम आणि मुलुख यांचाही त्यावर परिणाम होतो असं ते मानत. चार द्रवांमुळे आजार होतो ही कल्पना आधुनिक वैद्यकाने एकोणिसाव्या शतकात बाजूला ठेवली. पण माणूस वय, जागा आणि हालत यांप्रमाणे बदलतो ही त्यांची नजर आजही उपयोगाची आहे.

हिकमतीतून कंपनीच्या कार्यशाळेत

१९२१ मध्ये स्वित्झर्लंडचे मानसतज्ज्ञ कार्ल युंग यांनी 'सायकॉलॉजिकल टाइप्स' हे पुस्तक लिहिलं. अंतर्मुख आणि बहिर्मुख हे शब्द आपण आज सहज वापरतो, ते या पुस्तकामुळे रुळले. युंग यांच्याच विचारावर पुढे अमेरिकेत सोळा प्रकार सांगणारी मायर्स-ब्रिग्ज चाचणी तयार झाली.

१९२८ मध्ये विल्यम मार्स्टन या अमेरिकी मानसतज्ज्ञांनी माणसाच्या वागण्याचे चार प्रकार मांडले. रक्तदाबावरून खोटं पकडण्याची पद्धत शोधणारे आणि 'वंडर वुमन' हे चित्रकथेतलं पात्र निर्माण करणारे ते हेच. त्यांनी स्वतः चाचणी बनवली नव्हती आणि रंगही दिले नव्हते. चाचण्या नंतर इतरांनी बनवल्या, आणि रंग त्याहून नंतर चढले. एरिक्सन यांचे चार रंग याच चार प्रकारांवर बेतलेले आहेत.

दरम्यान अमेरिकेत १९७८ मध्ये डॉन लाउरी यांनी 'ट्रू कलर्स' नावाची पद्धत आणली. तिचे रंग नारिंगी, सोनेरी, हिरवा आणि निळा. १९८७ मध्ये टेलर हार्टमन यांचं 'द कलर कोड' आलं. त्यांचे रंग लाल, निळा, पांढरा आणि पिवळा.

आता इथे नीट लक्ष द्या. एरिक्सन यांच्याकडे निळा म्हणजे आकडे, नियम आणि बारकावे बघणारा माणूस. लाउरी आणि हार्टमन यांच्याकडे निळा म्हणजे नात्यांत जीव ओतणारा, जिव्हाळा जपणारा माणूस. एरिक्सन यांच्याकडे हिरवा म्हणजे शांत, सगळ्यांना सांभाळून घेणारा. लाउरी यांच्याकडे हिरवा म्हणजे तर्क लढवणारा, स्वतंत्र विचाराचा. म्हणजे एकच मुलगी एका चाचणीत निळी आणि दुसरीत हिरवी निघू शकते, आणि दोन्ही ठिकाणी तिने तीच उत्तरं दिलेली असतील! तेव्हा "माझी मुलगी ब्लू आहे" असं कुणी सांगितलं, तर आधी विचारावं लागेल, कुणाची ब्लू?

मग ते इतकं खरं का वाटतं?

कुणी म्हणेल, "पण टीचर, मी चाचणी दिली आणि अगदी माझंच वर्णन आलं!" असं वाटण्याचं कारण शोधणारा एक प्रयोग प्रसिद्ध आहे.

१९४८ साली अमेरिकेत बर्ट्रम फोरर या प्राध्यापकांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभाव-चाचणी घेतली. काही दिवसांनी प्रत्येकाच्या हातात त्याचं म्हणून एक वर्णन ठेवलं आणि विचारलं, हे किती बरोबर आहे, ० ते ५ गुण द्या. सरासरी आली ४.२६. मग त्यांनी उघड केलं की सगळ्यांना एकच कागद दिला होता, आणि त्यातली वाक्यं भविष्य सांगणाऱ्या एका पुस्तकातून उचललेली होती.

"तुम्ही माणसांना जीव लावता, पण कधीकधी तुम्हाला एकटं बसावंसं वाटतं." सांगा, हे कुणाला लागू पडत नाही? गोल-गोल आणि थोडं गोड बोललं की ते प्रत्येकाला आपलंच वाटतं.

दुसरी गोष्ट मोजण्याची. वर्गातल्या साठ मुलांना उंचीप्रमाणे उभं करा. दोन-चार खूप उंच, दोन-चार खूप बुटकी, बाकी सगळी मधली. आता मधोमध रेघ मारून म्हणा, इकडची 'उंच' आणि तिकडची 'बुटकी'. रेघेच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या दोन मुलांत बोटभरही फरक नसेल, पण नावं मात्र विरुद्ध पडतील. स्वभावाचंही तसंच आहे. बहुतेक माणसं मधोमध असतात.

म्हणून आजचे संशोधक खाने पाडत नाहीत, पट्टीवर मोजतात. त्यांच्या पाच पट्ट्या आहेत : नव्या गोष्टींची ओढ, नेटकेपणा, लोकांत रमणं, दुसऱ्याशी जुळवून घेणं आणि मन लवकर अस्वस्थ होणं. प्रत्येक माणूस प्रत्येक पट्टीवर कुठेतरी असतो. याला 'बिग फाइव्ह' म्हणतात आणि त्यावर अनेक देशांत, अनेक वर्षं काम झालं आहे. रंगांच्या मांडणीला असा आधार नाही. स्वीडनमध्ये विज्ञानाचा प्रसार करणाऱ्या 'वेतेन्स्काप ओक फोल्कबिल्डनिंग' या संस्थेने २०१८ मध्ये एरिक्सन यांना 'वर्षातले सर्वात दिशाभूल करणारे' ठरवलं, ते याच कारणाने.

तिसरी गोष्ट प्रसंगाची. वॉल्टर मिशेल या मानसतज्ज्ञांनी १९६८ मध्येच दाखवून दिलं होतं की एकच माणूस वेगवेगळ्या प्रसंगांत बरंच वेगवेगळं वागतो. आम्हा शिक्षकांना तर हे रोज दिसतं. वर्गात तोंड न उघडणारा मुलगा स्नेहसंमेलनात अख्खं नाटक डोक्यावर घेतो. तेव्हा त्याची अम्मी हसते आणि म्हणते, "घरी या एकदा, कान दुखतील तुमचे!"

खरा प्रश्न : रंग देतं कोण?

इथवरचं सगळं ज्ञानाचं झालं. आता आम्हाला जे मनापासून सांगायचं आहे त्याकडे येतो.

घरात रंग वाटले जातात तेव्हा ते सगळ्यांना सारखे वाटले जात नाहीत. ज्याच्या हातात घर आहे त्याच्या रागाला 'रेड' म्हणतात, म्हणजे तो कणखर, तो निर्णय घेणारा. तोच आवाज सुनेने काढला तर तिला लाल कुणी म्हणत नाही, बदतमीज म्हणतात. आणि जिला बोलायची मुभाच नाही, तिला 'ग्रीन' म्हणतात. "आमची थोरली फार समजूतदार. काही मागत नाही, कधी तक्रार नाही." मग कामवाली बाई आली नाही की भांडी तिच्याकडे. दादी आजारी पडली की रात्रीचं जागणं तिच्याकडे. आणि एकाच वर्षी दोघांची फी भरायची वेळ आली की थांबायचं कुणी? तीच. कारण ती ॲडजस्ट करते, ती ग्रीन आहे ना.

तिचा स्वभाव हिरवा आहे, की बोलून उपयोग नाही हे तिला लहानपणीच कळलं आहे? या दोन गोष्टी बाहेरून अगदी सारख्या दिसतात. मोबाइलवरची चाचणी दोन्हींना एकच रंग देईल. कारण ती विचारते, "तुम्ही वाद टाळता का?" टाळता तर का टाळता, हे ती विचारत नाही.

वर्गातही असंच होतं. चौथी किंवा सातवीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेलं मूल पुढे मराठी किंवा सेमी-इंग्रजी शाळेत येतं. पहिले सहा महिने ते गप्प असतं. प्रश्न विचारला की मान खाली. शेरा पडतो : शांत स्वभाव, आत्मविश्वास कमी. आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही भाषांत शिकवतो, म्हणून हे रोज जवळून बघतो. त्याच मुलाला "बेटा, उर्दू में बताओ" असं म्हटलं की उत्तर धडाधड येतं, तेही बरोबर. त्याच्याकडे शब्द नव्हते, एवढंच. 'लघुकोन' म्हणजे आपल्या पुस्तकातला 'हाद्दा ज़ाविया', हे कळलं की तेच मूल फळ्याजवळ यायला धावतं. काही मुलांना फळा नीट दिसत नसतो, काहींना ऐकू कमी येत असतं. त्यांनाही आपण 'शांत' म्हणून मोकळे होतो.

शिक्षकाच्या मनातल्या शिक्क्याचा मुलावर काय परिणाम होतो, याचा अमेरिकेतला एक अभ्यास बीएडच्या वर्गात सगळ्यांनाच शिकवला जातो. रॉबर्ट रोझेन्थाल आणि लिनोर जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षकांना सांगितलं की काही मुलं यंदा खूप पुढे जाणार आहेत. ती मुलं, सुमारे २०%, प्रत्यक्षात चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली होती. वर्षअखेरीस पहिली-दुसरीतली अशी मुलं चाचणीत इतरांपेक्षा जास्त पुढे गेलेली दिसली. हे १९६८ मध्ये प्रसिद्ध झालं. या अभ्यासावर पुढे खूप वाद झाला, आणि असा परिणाम असतो पण बहुतेक वेळा छोटा असतो, असं नंतरच्या अभ्यासांतून दिसलं. पण वर्गात छोटा असलेला परिणाम घरात रोज, वीस वर्षं होत राहिला तर तो छोटा राहील का?

सूरह हुजुरातमध्ये एकमेकांना वाईट नावांनी हाक मारायला मनाई केली आहे, हे आपण सगळे जाणतो. 'आळशी', 'रडकी', 'तापट' हे शब्द आपण त्यात मोजतो. पण गोड वाटणारं नावही माणसाला बांधून ठेवतं. 'समजूतदार' हे नाव कितीतरी मुलींना जड गेलं आहे.

जिथे हे रंग अजिबात वापरू नयेत

दहावीनंतरची शाखा रंगावरून ठरवू नका. मुलाला कोणता विषय आवडतो, कशात तो तासभर न उठता बसतो, गणिताचा पाया किती पक्का आहे आणि घराची ऐपत किती, हे बघा. शाळेतल्या शिक्षकांशी बोला. निळा रंग आला म्हणून कुणी सीए होत नाही, आणि पिवळा आला म्हणून डॉक्टरकी बंद होत नाही. हसतमुख डॉक्टर कुणाला नको असतात?

रिश्ता ठरवतानाही नको. "मुलगा रेड, मुलगी ग्रीन, मस्त जमेल" असं कुणी म्हणालं तर सावध व्हा. याचा साधा अर्थ असा होतो की एक ओरडणार आणि दुसरीने ऐकायचं, हे आधीच ठरलं. मायर्स-ब्रिग्ज चाचणी जी कंपनी विकते तीच सांगते की नोकरीसाठी माणूस निवडायला ही चाचणी वापरू नका. जी गोष्ट नोकरीसाठी चालत नाही ती निकाहसाठी कशी चालेल? त्यापेक्षा विचारा : राग आला की तो काय करतो? घरात पैशाचं कोण ठरवतं? लग्नानंतर मुलीच्या शिक्षणाचं काय? ही उत्तरं कोणत्याही रंगापेक्षा जास्त सांगतात.

आणि बहाणा म्हणून तर मुळीच नको. "मी रेडच आहे, मला राग येणारच" हे वाक्य ज्या घरात चालतं, तिथे रंगाचा ढालीसारखा वापर होतो आहे. राग येणं हा स्वभाव असेल, पण हात उचलणं, ताट फेकणं, मुलांसमोर शिव्या देणं हा स्वभाव नाही. ते वागणं आहे आणि त्याची जबाबदारी वागणाऱ्याचीच.

मग घरात वापरायचे कसे?

रंग टाकून द्या असं आम्ही म्हणत नाही. मुलांना रंगांची भाषा आवडते आणि पटकन समजते. फक्त चार गोष्टी पाळा.

पहिली : रंग स्वतःला द्या, दुसऱ्याला देऊ नका. अब्बू म्हणू शकतात, "आज मी फार लाल झालो होतो." मुलाला "तू लालच आहेस" म्हणू नये.

दुसरी : रंग माणसाला नको, त्या वेळच्या वागण्याला द्या. 'आहे' या शब्दाऐवजी 'आत्ता' हा शब्द वापरा. "ती निळी आहे" म्हटलं की विषय संपतो. "ती आत्ता निळ्यासारखी विचार करते आहे, तिला माहिती हवी आहे" म्हटलं की पुढे काय करायचं ते सुचतं.

तिसरी : समोरच्याला काय हवं आहे ते ओळखून तसं बोला. घाईत असलेल्याला आधी मुद्दा सांगा, कहाणी नंतर. उत्साहात असलेल्याचं आधी ऐकून घ्या, खर्चाचा विषय त्यानंतर काढा. गप्प बसलेल्याला चारचौघांत विचारू नका. एकटं गाठून विचारा, आणि उत्तरासाठी थांबा, हवं तर दुसऱ्या दिवसापर्यंत. प्रश्नावर प्रश्न विचारणाऱ्यावर चिडू नका, आकडे आणि तारखा सांगा. हे चारही प्रकार एकाच माणसाला एकाच दिवसात लागू शकतात.

चौथी, आणि आमच्या मते सगळ्यात मोठी : घरात जो सगळ्यात शांत आहे त्याला मुद्दाम विचारा. आणि विचारताना "तुला चालेल ना?" असं विचारू नका, कारण त्याचं उत्तर 'हो' असंच येतं. "तुला काय हवं आहे?" असं विचारा. पहिल्यांदा "काहीही चालेल" असं उत्तर येईल. तेवढ्यावर सोडू नका. दोन पर्याय समोर ठेवा आणि निवडायला सांगा. साध्या गोष्टीपासून सुरुवात करा : आज सालन कोणतं करायचं, ईदला कपडे कोणत्या दुकानातून घ्यायचे. जिला सालन निवडता आलं तिला उद्या कॉलेज निवडताना बोलता येईल.

एक छोटा खेळ सांगतो. जुम्याच्या दिवशी जेवण झाल्यावर सगळ्यांनी एका कागदावर दोन वाक्यं लिहायची. 'मी बहुतेक वेळा असा असतो' आणि 'मी असा नसतो, तेव्हा...'. दुसऱ्याबद्दल कुणी लिहायचं नाही. लहान मुलांना चित्र काढू द्या, लिहिता न येणाऱ्या बुजुर्गांनी तोंडी सांगावं. मग वाचून दाखवायचं, हसायचं, पण कुणी कुणाला खोडून काढायचं नाही.

दुसऱ्या वाक्याकडे जास्त लक्ष द्या. "मी शांत असते. पण गणिताच्या तासाला नसते." "मी चिडतो. पण नानाजवळ बसल्यावर नाही." मूल कुठे फुलतं आणि कुठे मिटतं ते या 'पण'नंतर कळतं. पुढच्या पालकसभेला याल तेव्हा मुलाचा रंग सांगू नका, हे दुसरं वाक्य आम्हाला सांगा. त्यावरून आम्हाला त्याला बसवायची जागा बदलता येईल, त्याला उत्तरासाठी दोन मिनिटं जास्त देता येतील, किंवा पहिला प्रश्न त्याच्या भाषेत विचारता येईल.